भयपटाला संध्याकाळचा खेळ द्या

महोत्सवाचं वेळापत्रक हातात आलं की मी आधी भयपट शोधतो. नामवंत दिग्दर्शकांचे सिनेमे नंतर बघता येतात. त्यांच्यावर लिहिलं जातं, बोललं जातं, ते कुठं ना कुठं पुन्हा भेटतात. भयपट मात्र शोधावाच लागतो. असलाच तर रात्रीच्या शेवटच्या खेळाला, नाहीतर भर दुपारी, जेवणाच्या वेळेला. पुस्तिकेत त्याच्यासाठी दोन ओळी. दिग्दर्शक स्वतः आलेला असला तरी त्याच्याशी गप्पा ठेवलेल्या नसतात. मी पाहिलेल्या बहुतेक महोत्सवांत हेच चालत आलंय. म्हणून यंदा कोल्हापूरच्या महोत्सवाची वाट बघताना एक मागणी उघडपणे मांडतो. भयपट, गूढपट, अद्भुतपट यांचा महोत्सवात स्वतंत्र विभाग असावा, त्याला संध्याकाळचा मुख्य खेळ मिळावा, आणि याची सुरुवात कोल्हापूरनं करावी.

कोल्हापूरनंच का, तर हे गाव सिनेमाच्या बाबतीत इतर गावांसारखं नाही. इथला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवणारी फिल्म सोसायटीच मुळी कलामहर्षी बाबूराव पेंटरांच्या नावानं चालते. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. बाबूराव मूळचे नाटकाचे पडदे रंगवणारे. देशी बनावटीच्या कॅमेऱ्यावर त्यांनी ‘सैरंध्री’ काढला आणि 1920 मध्ये तो लोकांसमोर आला. त्यातला भीमानं केलेला कीचकवध इतका हुबेहूब उतरला होता की सेन्सॉरनं त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते याच काळात. आता त्याच 1920 सालात जर्मनीत काय घडत होतं ते बघा. ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी’ हा मूकपट तिकडं लागला. वाकड्या भिंती, तिरप्या खिडक्या, कापडावर रंगानंच काढलेल्या सावल्या. तीही चित्रकारांचीच करामत होती. जगभरात भयपटाचा इतिहास सांगताना आजही बोट त्या सिनेमाकडं जातं.

‘सैरंध्री’ भयपट होता असं माझं म्हणणं नाही. ती महाभारतातली कथा होती आणि लोक ती भक्तिभावानंच बघायला गेले असणार. पण पडद्यावरचं दृश्य बघून माणसाच्या अंगावर काटा यावा, यासाठी लागणारी कारागिरी या मातीत पहिल्या पावलापासून होती. ती हलकी आहे, बाजारू आहे, असं बाबूरावांना वाटलं नाही. आपल्याला ते कधीपासून वाटायला लागलं?

याच परंपरेतलं पुढचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरात उभी राहिली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. पुण्यातला तिचा पहिला मोठा बोलपट ‘अमृतमंथन’, 1934 चा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. म्हणजे जागा पुण्याची, पण शांताराम, दामले, फत्तेलाल ही सगळी कोल्हापुरात, बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेली माणसं. देवीपुढं बळी देण्याची प्रथा राजा बंद करू पाहतो आणि राजगुरू त्याच्या जिवावर उठतो, अशी गोष्ट. अंधारं भुयार, मशालींचा उजेड, आणि सगळा पडदा व्यापून टाकणारा राजगुरूचा एक डोळा. हिंदीत चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते. तो डोळा बघताना आजही मान आखडते. अंधश्रद्धेच्या विरोधातला हा सिनेमा भीतीचं सगळं सामान वापरून उभा केलाय. भीती कुणाची वाटायला हवी, हे शांतारामांनी नेमकं ठरवलं होतं. भीती देवीची वाटत नाही, देवीच्या नावानं माणसं मारायला लावणाऱ्याची वाटते.

हे सविस्तर सांगतोय, कारण या मागणीला कोल्हापुरात होणारा सगळ्यात गंभीर विरोध याच मुद्द्यावर होतो. बाकीचे आक्षेप फुटकळ आहेत. भयपट म्हणजे उथळ करमणूक, असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच पुरे की 2021 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार ‘तितान’ या अंगावर येणाऱ्या सिनेमाला मिळाला, स्पेनमधल्या सित्जेस गावात 1968 पासून या प्रकाराचा महोत्सव भरतो, आणि आपल्याकडं खुद्द सत्यजित राय यांनी ‘तीन कन्या’मध्ये भुताची गोष्ट सांगितली. पण दुसरा आक्षेप असा झटकून टाकण्यासारखा नाही. हा शाहू महाराजांचा जिल्हा. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी 2015 मध्ये याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधी दीड वर्ष पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला निघालं तर चौकाचौकात उतारा दिसतो. लिंबू, नारळ, हळदीकुंकू, क्वचित काळ्या रंगाची बाहुली. करणी केली म्हणून भावकीत डोकी फुटतात. अशा जागी तुम्ही भुताखेतांचे सिनेमे महोत्सवात मानानं दाखवणार, मग आमच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून काय साधलं, असा हा सवाल आहे. चळवळीत हयात घालवलेली माणसं तो पोटतिडकीनं विचारतात आणि त्यांना उत्तर देणं आपलं काम आहे.

माझं उत्तर त्यांच्याच कामातून येतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावात जातात तेव्हा आधी चमत्कार करून दाखवतात. जिभेवर कापूर पेटवतात, नारळातून जाळ काढतात. बायाबापड्यांचे डोळे विस्फारतात, पोरं आईला चिकटतात. सगळ्यांचा श्वास अडकला की मग कार्यकर्ता त्यामागचं रसायन सांगतो. आधीची भीती खरी वाटली नसती तर नंतरचं स्पष्टीकरण डोक्यात शिरलंच नसतं. अमावास्येच्या रात्री स्मशानात जाऊन बसण्याचे त्यांचे कार्यक्रमही असेच. भीतीवर भाषण न देता माणसाला चारचौघांबरोबर भीतीच्या जागी नेऊन बसवायचं आणि सुखरूप परत आणायचं. चांगला भयपट हेच करतो. दोन तास अंधारात, चार-पाचशे अनोळखी माणसांबरोबर, आणि मग दिवे लागतात.

अर्थात ‘चांगला’ हा शब्द इथं महत्त्वाचा. वाईट भयपट ढिगानं निघालेत आणि त्यांनी नुकसानही केलंय, हे मी नाकारत नाही. ज्या सिनेमात शेवटी मांत्रिकच तारणहार ठरतो, शिकलेला डॉक्टर मूर्ख ठरतो आणि एकटी राहणारी, मोठ्यानं हसणारी, केस मोकळे सोडणारी बाई हमखास चेटकीण निघते, त्या सिनेमाला महोत्सवाच्या दारातही उभं करू नये. निवड करणाऱ्यांनी एवढंच बघावं, की सिनेमा कशाला घाबरायला लावतो आणि ती भीती कुणाच्या हातून संपते. एवढ्या चाळणीत निम्मा कचरा गळून पडेल. उरेल तो आपल्या समाजाबद्दल इतकं काही बोलतो, की एरवीच्या सामाजिक सिनेमालाही तेवढं जमत नाही.

‘लपाछपी’चं उदाहरण घेऊ. विशाल फुरिया यांचा 2017 चा मराठी सिनेमा. दिवस भरत आलेली एक शहरातली बाई नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या एका घरात येऊन राहते. पूजा सावंत, उषा नाईक. पुढं हिंदीत तो ‘छोरी’ नावानं पुन्हा निघाला. मुंबईच्या प्रेक्षकाला तो ऊस परका, गूढ वाटला असेल. आपल्याला तो घरचा आहे, आणि म्हणूनच जास्त छातीत बसतो. कागल, करवीर, शिरोळकडच्या माणसाला विचारा. तोडणीला आलेला ऊस डोक्याच्या वर हात-दोन हात जातो. आत शिरलेला माणूस चार पावलांवर दिसेनासा होतो. वारं नसतानाही पाला एकमेकांवर घासून सळसळतो, पात्याची धार दंडावर बारीक रेघा ओढते, आणि हाक कुठल्या बाजूनं आली ते कळत नाही. या सगळ्याचा वापर त्या सिनेमात आहे, आणि भीती दिवसाउजेडीही येते. पण ऊस, विहीर, लपणारी पोरं हे सगळं कशासाठी, तर मुलगी नको म्हणून घराघरांत झालेल्या हत्यांचा हिशेब मांडण्यासाठी. 

आता आपल्या जिल्ह्याचं बघू. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं मुली होत्या 839. पैसा होता, पाणी होतं, साखर कारखाने होते, शाळा-कॉलेजं होती, आणि मुली नव्हत्या. पुढं सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारी ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाची यंत्रणा याच जिल्ह्यात पहिल्यांदा बसवावी लागली. या विषयावर आपण पथनाट्यं केली, फेऱ्या काढल्या, भिंती रंगवल्या, आणि ते सगळं करायला हवंच होतं. पण पथनाट्य बघणारा माणूस स्वतःला नेहमी चांगल्यांच्या बाजूला धरतो. भयपट तेवढी मुभा देत नाही. तो त्याला त्या घरात कोंडतो, त्या सासूच्या हातचं जेवण त्याच्यापुढं ठेवतो आणि दार लावून घेतो. ज्या जिल्ह्यात हा ऊस आहे आणि हा आकडाही आहे, त्या जिल्ह्यातल्या महोत्सवात अशा सिनेमाचा खेळ संध्याकाळी साडेसहाला भरगच्च सभागृहात व्हायला नको?

आपल्याकडं या प्रकाराला वाचक-प्रेक्षक नाही असंही कुणी म्हणू नये. नारायण धारपांची पुस्तकं गावोगावच्या वाचनालयांत शिलाई सुटेपर्यंत फिरली. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर दोन-तीन पिढ्या वाढल्या. धारपांच्या एका गोष्टीचं बीज राही अनिल बर्वे या मराठी माणसाच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहिलं आणि त्यातून ‘तुंबाड’ निघाला. कोकणातलं गाव, मराठी घर, मराठी हाव, सिनेमा मात्र हिंदीत. 2018 मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचा पडदा त्या सिनेमानं उघडला. आपल्याकडं तो आला आणि गेला. मग सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. त्याच वर्षी आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ चालला. तोही कोकणातल्या पिंपळावरचा, तोही हिंदीत. सरपोतदारांनी त्याआधी मराठीत ‘झोंबिवली’ केला होता, टोलेजंग इमारत आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यातल्या पाण्याच्या भांडणाला त्यांनी झोंबींची गोष्ट केली. आपली भुतं, आपली गावं, आपली माणसं आहेत, पण ती उभी करायला बहुतेक वेळा हिंदीत जावं लागतं. मराठी निर्माता भयपटावर पैसे लावायला कचरतो, त्याची कारणं पुष्कळ असतील. एक कारण मात्र आपल्या हातातलं आहे: या प्रकाराला आपण मान दिलेला नाही. पुरस्कार, परीक्षण, चर्चासत्र, कुठंच त्याची गणती नाही. मोरेवाडीला आपली चित्रनगरी आहे, पंचगंगेचे घाट आहेत, पन्हाळ्याचं धुकं आहे, आंबा घाटातला पाऊस आहे. एखाद्या तरुण पोरीला इथं भयपट करावासा वाटला तर तो दाखवायला, त्यावर कडक बोलणी ऐकायला आणि पुढचा सुधारायला जागा कुठली? ती जागा महोत्सवाचीच असते.

आणि थिएटरातच का, घरी मोबाइलवर का नाही, याचं उत्तर कोल्हापूरच्या प्रेक्षकाला सांगायची गरज नाही. एकपडदा टॉकीजांत भुताचा सिनेमा बघितलेल्यांना माहीत आहे. नायिका कंदील घेऊन माडीची पायरी चढायला लागली की स्टॉलमधून आवाज यायचा, “अगं बाई, माघारी फीर की!” सगळं थिएटर हसायचं, आणि त्या हसण्याच्या पोटात शिरूनच पुढचा दणका बसायचा. बायका पदर तोंडावर घ्यायच्या आणि पदराच्या आडून सगळं बघायच्या. शेजारी बसलेला धट्टाकट्टा पैलवान खुर्चीचा हात घट्ट धरायचा आणि मध्यंतरात त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. भीती एकट्यानं भोगायची गोष्ट असते असं आपण धरून चालतो. पण शंभर माणसांनी एका क्षणी श्वास रोखला की आपल्या शेजारच्यालाही तेच वाटतंय हे अंगाला कळतं. इतर सिनेमांत हे क्वचित घडतं. महोत्सवाचा सगळा खटाटोप लोकांनी एकत्र बसून सिनेमा बघावा म्हणूनच असतो, तर त्यासाठी याहून चांगला प्रकार मला तरी दिसत नाही.

संध्याकाळच्या खेळाचा हट्ट मी केवळ मानापमानापोटी धरत नाही. रात्री साडेनऊ-दहाचा खेळ ठेवला की प्रेक्षक आपोआप गाळला जातो. शिवाजी विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या मुलींना तेव्हा बाहेर राहता येत नाही. इचलकरंजी, कागल, गडहिंग्लजहून येणारा विद्यार्थी एसटीच्या वेळा बघतो आणि विचार सोडून देतो. नोकरी करून घर सांभाळणारी बाई तर येतच नाही. मग सभागृहात उरतात दुचाकी असलेली तरुण पोरं, आणि आपणच म्हणतो, बघा, भयपट फक्त पोरांनाच आवडतो. ज्या सिनेमांचा विषयच बाईच्या अंगावर येणारी हिंसा आहे, ते बघायला बाईच सभागृहात नाही, ही लाजेची बाब आहे. अंधार झाल्यावरच भयपट दाखवावा, हाही एक गैरसमज. सभागृहाची दारं नीट लागली तर बाहेर दुपार आहे की रात्र, काय फरक पडतो?

दारांवरून आठवलं, व्यवस्थेकडंही लक्ष द्यावं लागेल. भयपट निम्मा कानांनी बघायचा असतो. मागच्या बाजूचे स्पीकर बंद असतील, उशिरा येणाऱ्यांसाठी दार सारखं उघडझाप होत असेल आणि पुढच्या रांगेत मोबाइलचा उजेड चमकत असेल तर दिग्दर्शकाची चार वर्षांची मेहनत पाण्यात जाते. खेळ सुरू झाल्यावर दार बंद, हा नियम निदान या विभागाला तरी कडक लावावा. महोत्सवातल्या सिनेमांना बऱ्याचदा सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळालेली असते. म्हणून तर प्रवेश नोंदणी केलेल्या प्रतिनिधींनाच असतो. अशा वेळी वयाची अट आणि आत काय बघायला मिळणार याची स्पष्ट सूचना पुस्तिकेत हवी. प्रेक्षकाला फसवून घाबरवण्यात काही अर्थ नाही. काय बघायचंय ते ठरवून आलेला प्रेक्षक जास्त खोलवर घाबरतो.

माझ्या मनातला पहिल्या वर्षाचा बेत अगदी साधा आहे. सुरुवात ‘अमृतमंथन’नं करावी, म्हणजे ही गोष्ट परदेशातून उचललेली नाही, घरातलीच आहे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट होईल. दुसऱ्या संध्याकाळी मासाकी कोबायाशी यांचा ‘क्वाइदान’ हा 1964 चा जपानी सिनेमा. चार भूतकथा, रंगवलेल्या आकाशाखाली घडणाऱ्या. त्याला कानमध्ये परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं होतं. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या माणसाच्या गावात ते रंगवलेलं आकाश मोठ्या पडद्यावर बघायला मिळावं, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. तिसऱ्या संध्याकाळी ‘लपाछपी’. उरलेल्या दिवसांत नवे मराठी लघुपट, त्यातही ज्यांचा पहिलाच प्रयत्न आहे अशांचे.

‘लपाछपी’च्या खेळानंतर व्यासपीठावर तीन खुर्च्या मांडा. एकीवर दिग्दर्शक, दुसरीवर मानसोपचारतज्ज्ञ, तिसरीवर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारी, गावं पालथी घातलेली एखादी कार्यकर्ती. तिला सिनेमा पटला नाही तर तिनं तसं सगळ्यांसमोर सांगावं, आणि दिग्दर्शकानं उत्तर द्यावं. प्रश्न विचारायचा पहिला मान मागच्या रांगेतल्या मुलींना द्या. आणि खेळ असा ठेवा, की ही चर्चा पुरी होऊनही गडहिंग्लजची शेवटची एसटी त्यांना मिळेल.